न फाडलेली पावती

वकिलाची फी इन्कम टॅक्समधून वजा होते का, हा प्रश्न मला वर्षातून पन्नास वेळा तरी विचारतात. तोही उभ्याउभ्या, जिन्यात, नाहीतर मी न्हाव्याच्या खुर्चीत मान अडकवून बसलेलो असताना. फुकटच्या सल्ल्याला लोकांना जागा लागत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. भांडण धंद्यातून निघालं असेल तर वजा होते, घरातलं असेल तर नाही. दुकानाच्या मालकाने कोर्टात खेचलं, वजा करा. बायकोने खेचलं, गुपचूप भरा. लोक हसतात आणि चालू लागतात. मावशींच्या वेळी मात्र हे उत्तर पुरलं नाही.

मावशी माझ्या कुणी सख्ख्या नव्हेत. सगळा रस्ताच त्यांना मावशी म्हणतो. रीतसर शिकलेल्या सुईण, भिंतीवर काचेत लावलेलं प्रमाणपत्र, आणि घराच्या पुढच्या भागात दोन खाटांचं बाळंतपणाचं घर. एक टेबल, एक निर्जंतुक करायचा डबा, एक वजनकाटा, आणि खिडकीला अर्ध्यापर्यंत रंगवलेली काच. एकतीस वर्षं त्यांनी हे चालवलं. उंचीने एवढ्याशा, आवाज मात्र असा की बाहेर चकरा मारणारे नवरे एका हाकेत खाली बसायचे.

त्यांचा एक नियम होता. बाळ रडल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. कुणी आधी आणून दिलेच तर लिफाफा टेबलाच्या खणात तसाच पडून राहायचा. बाळाने टाहो फोडला की मग पावतीपुस्तक बाहेर यायचं. माझी लेक झाली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर घाम पुसत बसलो होतो. आतून रडण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दार किलकिलं करून मावशींनी हात पुढे केला. "ऐकलंस ना? आता काढ." मला पावती मिळाली. त्यांच्या पावतीवर रकमेच्या खाली एक ओळ छापलेली असते: बाळ-बाळंतीण सुखरूप. शेजारी त्यांची सही. ती पावती माझ्या बायकोने अजून जपून ठेवली आहे, आणि मी माझ्या पावत्या कुठे ठेवतो हे तिला विचारू नका.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी एक पहिलटकरीण त्यांच्याकडे आली. नवरा आणि सासरा बरोबर होते. मावशींनी पोटावर नळी ठेवून ठोके शोधले, पुन्हा शोधले, आणि नवऱ्याला सांगितलं की ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलव. ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच बाळ आलं. ते रडलं नाही. आईला तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं, ती वाचली, आणि तिच्याबद्दल पुढे कुणी फारसं बोललं नाही. त्या लोकांनी आल्याआल्याच पैशांचा लिफाफा देऊन ठेवला होता. संध्याकाळी मावशींनी तो त्यांच्या घरी परत पाठवला. वर आपल्या हाताने लिहिलं होतं, "हे घेता येत नाहीत."

याच लिफाफ्याने घात केला. नवरा आणि सासऱ्याने दावा लावला, आणि त्यांच्या वकिलाने पहिल्याच दिवशी तो लिफाफा हातात धरून वर केला. चूक नव्हती तर पैसे परत का केले? बाईंनी स्वतःच्या अक्षरात गुन्हा कबूल केला आहे! मावशींच्या वकिलाने त्यांना पढवलं होतं की, गडबडीत परत गेले म्हणून सांगा. मावशी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते माझे नव्हते म्हणून परत केले." वकिलाने कपाळाला हात लावला. मी मागच्या बाकावर होतो, मीही लावला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण दुसऱ्याने हाताला धरून चढवलं तर शहाण्याने करायचं काय? तीन वर्षं चाललं. डॉक्टरांचे अहवाल आले, उलटतपासण्या झाल्या, तारखांवर तारखा पडल्या. शेवटी निकाल लागला. बाळाचे ठोके मावशींकडे येण्याच्या किमान अर्धा दिवस आधी थांबले होते, बाईंचा काही दोष नाही. निकाल ऐकून मावशी नुसत्या "बरं" म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी पेढे नाही, निदान साधा चहा पाजतो म्हटलं तर म्हणाल्या, "कशाबद्दल रे?" मी चहा मागवला. त्यांनी कप डाव्या हातात धरला होता. उजव्या मनगटाला कापडाची पट्टी असायची, गेली तीन-चार वर्षं. मला वाटायचं, वयाचं दुखणं असेल.

जिंकल्या खऱ्या, पण नाकापेक्षा मोती जड झाला होता. वकिलाची एकूण फी म्हणजे त्यांच्या ऐंशी बाळंतपणांची कमाई. ती द्यायला मावशींनी घरामागचं अंगण विकलं. आता गंमत बघा. अंगण विकल्याचा नफा त्यांच्या उत्पन्नात आला आणि त्यावर घसघशीत कर बसला. पैसे गेले वकिलाच्या घरी, कर राहिला मावशींच्या डोक्यावर! वकिलाची फी खर्चात धरली तर कर जवळजवळ शून्य. नाही धरली, तर खाटा, टेबल आणि तो डबा विकूनच भरावा लागणार होता. मग घरासमोरची पाटीही उतरणार. जुनं दवाखान्याचं सामान घेणारा एक माणूस तर आधीच येऊन, बघून गेला होता. गिधाडांना वास लवकर लागतो.

मी म्हटलं, अजिबात काळजी करू नका. दावा कामातून निघालेला आहे, शंभर टक्के वजा होतो. फॉर्म भरला, खर्चाचं कारण लिहिलं, आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. 'व्यवसायातून उद्भवलेल्या दाव्याचा खर्च.'

"आकड्या," त्या म्हणाल्या. मला त्या याच नावाने हाक मारतात. "त्या लेकराला तू खर्चात टाकलंस?"

"लेकराला नाही हो मावशी, वकिलाला टाकलं."

"एकच झालं. साबण, कापूस, हातमोजे आणि त्याच्याखाली ते."

माझं डोकं मुळातच तापट. मी आवाज चढवला. म्हटलं, भावना बाजूला ठेवा, सरकारी कागदाला भावना कळत नाहीत. उद्या हे दार बंद झालं तर या रस्त्यावरच्या बायकांनी कुठे जायचं, ते सांगा. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग सही केली आणि पेन माझ्याकडे न देता टेबलावर ठेवून आत निघून गेल्या. मला वाईट वाटलं, पण सही झाली म्हणून बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

सात महिन्यांनी कर कार्यालयातून नोटीस आली. एवढा मोठा खर्च कसला, पुरावे घेऊन या. मी पुराव्यांची जाडजूड फाइल घेऊन गेलो. अधिकारी तरुण होता, सर्दीने बेजार झालेला, पण वाचणारा. असे अधिकारी फार त्रास देतात. त्याने निकालपत्र वाचलं, वकिलाची बिलं वाचली, आणि मग मावशींचं पावतीपुस्तक मागितलं. त्या वर्षाची पानं एकेक करत उलटली.

"प्रत्येक बाळंतपणाची पावती आहे. याची कुठे आहे?"

"याचे पैसे घेतले नाहीत. परत केले," मी म्हणालो.

"मग हे काम व्यवसायाचं कसं? बाकी सगळ्यांचे घेतले, यांचे नाही. ओळखीपोटी केलं असेल. मग दावाही खासगी आणि फीसुद्धा खासगी." त्याने नाक पुसलं. "मी मुद्दाम अडवत नाहीये. त्या दिवशी बाईंनी आपलं नेहमीचं काम केलं, असं दाखवणारा एखादा कागद आणा. पंधरा दिवस देतो."

घ्या! कोर्टात पैसे परत केले म्हणून गुन्हेगार, आणि इथे पैसे परत केले म्हणून काम केलंच नाही. मी जिना उतरताना मोठ्याने शिव्या घातल्या. खालच्या पहारेकऱ्याने वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. त्याला सवय असावी.

तसाच मावशींकडे गेलो. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. सगळं सांगितलं आणि दार लोटून घेऊन हळूच म्हटलं, "मावशी, मागच्या तारखेची एक पावती फाडा. जुनं कोरं पुस्तक असेलच एखादं. कोण बघतंय?"

त्यांनी चादर खाली ठेवली. "तू माझ्या हातचा नाहीस म्हणून वाचलास. नाहीतर इथल्या इथे कान उपटला असता."

"अहो, पण काम तर केलंत ना? मग पावती खोटी कशी?"

"ते रडलं नाही," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत तीन रडली नाहीत. तिघांचेही पैसे घेतले नाहीत. तुझ्या साहेबाला सांग, बाई म्हणते तुमचं बरोबर आहे, त्या दिवशी माझं काम झालंच नाही. आणि त्या सामानवाल्याला बोलावून घे."

मी हात टेकले. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. त्यांना न सांगता मी त्या बाळाच्या आईला शोधत गेलो. म्हटलं, तिने दोन ओळी लिहून दिल्या की अमुक दिवशी माझं बाळंतपण या बाईंनी केलं, तर भागेल. ज्यांनी दावा लावला त्यांच्याच घरी हात पसरायला चाललोय, हे मला कळत होतं. बायको म्हणालीही, "तुम्हाला लाज आहे की ती पण वजा केलीत?" तरी गेलो.

ती एका ड्रायक्लिनिंगच्या दुकानात पुढच्या काउंटरमागे कपडे लहानमोठे करून द्यायचं काम करत होती. तोंडात टाचण्यांची रांग, हातात कुणाचीतरी पँट. मी कोण आणि कशाला आलोय ते सांगितलं. तिने एकेक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचली. अकरा टाचण्या होत्या. मी मोजल्या, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे बाई ते बंद करणार?" तिने विचारलं.

"फी खर्चात धरली नाही तर करावंच लागेल."

"किती होते लिफाफ्यात?"

मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ पँटच्या शिवणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "संध्याकाळपर्यंत नऊ पँटी द्यायच्या आहेत. तुम्ही जा." मी गेलो. वाटेत स्वतःला नाही नाही ते बोललो. एका बाईची भरत आलेली जखम मी एका वजावटीसाठी उकरून आलो होतो.

अकराव्या दिवशी दुपारी सामानवाला आला. टेप घेऊन तो टेबलाची लांबी मोजत, खडूने खुणा करत होता आणि दर वेळी "जुनं आहे हो, जुनं आहे" म्हणत भाव पाडत होता. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी यादी करत होतो. तेवढ्यात दारात ती उभी राहिली.

मावशींनी तिला लगेच ओळखलं. कोर्टात तीन वर्षं समोरासमोर बसूनही दोघींनी एकमेकींशी अवाक्षर काढलं नव्हतं. तिला साक्षीला बोलावलं तेव्हाही तिच्या सासऱ्याच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला होता, बाळ रडलं का. तिने नाही म्हणून मान हलवली होती आणि तिला खाली बसवलं होतं.

"ये, बस," मावशी म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

ती बसली नाही. पिशवीतून एक लिफाफा काढून तिने टेबलावर, सामानवाल्याच्या टेपशेजारी ठेवला. तोच लिफाफा होता. कोपऱ्यात कोर्टाचा शिक्का आणि पुराव्याचा क्रमांक, मधोमध मावशींचं अक्षर. हे घेता येत नाहीत.

"यात तेवढेच आहेत. माझ्या शिलाईचे. घरी सांगितलेलं नाही, सांगायची गरजही नाही. मला पावती द्या."

"अगं, ते घेत नाही मी." मावशी लिफाफ्याला हातही लावेनात. "तुला माहिती आहे. ते रडलं नाही, बाई."

"बाळाचे नकाच घेऊ. माझे घ्या." ती एकदम बोलायला लागली, जणू इतकी वर्षं तोंडात टाचण्याच होत्या. "बाळंतीण कोण होती? मी ना? माझं रक्त थांबत नव्हतं. हे दोघं बाहेर ॲम्ब्युलन्सच्या नावाने बोंबलत होते, आणि तुम्ही पाऊण तास माझ्या पोटावर मूठ दाबून उभ्या होतात. मी विचारलं, हात दुखत नाही का? तुम्ही म्हणालात, तू फक्त माझ्याकडे बघत राहा, डोळे मिटू नकोस. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं मला, त्या बाईंनी हात काढला असता तर तू इथवर आली नसतीस. तीन वर्षं कोर्टात सगळे बाळाचंच बोलले. यांचा वकील बोलला, तुमचाही बोलला. मी जगले हे कुणी लिहून घेतलं? तुम्हीसुद्धा पैसे परत पाठवून दिलेत. म्हणजे मी पण गेलेच होते का?"

सामानवाल्याचा टेप हातातून सुटून कर्रकन आत गेला. त्याने ओशाळून आमच्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. बरं झालं, नाहीतर मीच त्याला ढकलला असता.

मावशी खुर्चीवर बसल्या. त्यांचा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला. त्या पट्टीमागचं कारण मला तेव्हा समजलं. बारा वर्षांपासून मी त्यांचे फॉर्म भरत होतो आणि या बाईंना मी एकदाही विचारलं नव्हतं की हाताला काय झालं.

"मला वाटलं, तू मला शिव्याच देत असशील," मावशी म्हणाल्या.

"दिल्या. पहिलं वर्षभर दिल्या," ती म्हणाली. "मग देववेनात."

मावशी रडल्या. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं रडणं ऐकून पैसे घेणारी बाई, पदराने नाही, घडी घातलेल्या कोऱ्या चादरीने डोळे पुसत होती. ती पुढे झाली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी खिडकीकडे तोंड केलं. खिडकीची काच अर्धी रंगवलेली, त्यामुळे बघायलाही काही नव्हतं.

मग खण उघडल्याचा आवाज आला. मावशींनी पावतीपुस्तक काढलं. मागची तारीख नाही घातली, त्या दिवसाचीच घातली. तिचं नाव लिहिलं. तपशिलात लिहिलं, 'सहा वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाची फी', आणि पुढे तो दिवस, तो महिना, ते वर्ष. काही बघावं लागलं नाही, त्यांना पाठ होतं. रक्कम लिहिली. आणि त्या छापील ओळीशी येऊन पेन थांबलं. बाळ-बाळंतीण सुखरूप.

तिने वाकून पाहिलं. "लिहा," ती म्हणाली.

मावशींनी पहिल्या शब्दावर एक रेघ मारली. बारीक, सरळ, पट्टी लावल्याशिवाय मारलेली. 'बाळंतीण सुखरूप' तेवढं उरलं. खाली सही केली, पावती फाडून तिच्या हातात दिली. तिने ती पिशवीत ठेवली आणि निघून गेली.

पावतीची स्थळप्रत घेऊन मी दुसऱ्या दिवशी कर कार्यालयात गेलो. त्या तरुण अधिकाऱ्याने ती वाचली, रेघेपाशी थांबला, माझ्याकडे पाहिलं. मी भांडायला पूर्ण तयारीत गेलो होतो. पण त्याने सरळ पेन उचललं. फाइलवर लिहिलं, 'व्यवसायाचा खर्च, मान्य.' मग म्हणाला, "या पावतीची रक्कम यंदाच्या उत्पन्नात धरायला विसरू नका."

मला राग आला. एवढं सगळं वाचून याला हेच सुचलं? मावशींकडे आलो आणि तावातावाने म्हटलं, "फी मान्य झाली. पण त्या पोरीच्या पैशांवर कर मागतोय मेला. मी काही ते उत्पन्नात दाखवणार नाही. कसलं उत्पन्न ते?"

मावशी टेबल पुसत होत्या. सामानवाल्याने खडूने केलेल्या खुणा त्यांनी घासून काढत आणल्या होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "धर, आकड्या. पै न् पै धर. कमावलेत मी ते."